विचारून की आठवून?

मित्रांनो, मी एक जुनी कॅशपेटी आहे. लगेच कान टवकारू नका. माझ्या पोटात कधी एक नाणेसुद्धा नव्हते. संगणकाच्या जगातली कॅश वेगळी असते. कोणी संगणकावर काही मागतो, त्याचे उत्तर लांबून येते, आणि तेच उत्तर पुन्हा कोणाला लागेल म्हणून जवळ ठेवून घेतात. या ठेवून घेण्याला कॅश म्हणतात. हे काम मी आयुष्यभर केले. नुसते ठेवायला काही अक्कल लागत नाही, ते अडगळीच्या खोलीलाही जमते. पण ठेवलेले कधी द्यावे, कधी देऊ नये आणि कधी आधी विचारून मगच द्यावे, हे मला अचूक कळत असे. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवण्याइतकी मी साधी नाही.

सध्या माझा मुक्काम एका बेटावरच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटावर असतो. माझे पंखे थांबले आहेत आणि दिवे विझले आहेत. बोलायला मात्र वीज लागत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याचे चौकोनी अंग, पुढे हिरवे दिवे, मागे तारांसाठी भोके आणि घरघर करणारे पंखे. पावाच्या डब्याला पंखे लावले तर कसा दिसेल, तशी मी दिसत होते. आम्हा पेट्यांना तपासायला एक बाई होत्या. चष्मा कपाळावर आणि घसा कायम बसलेला, कारण दिवसभर त्या आमच्याशीच बोलत. मी जे काही शिकले ते त्यांच्याकडून.

त्यांनी मला सांगितले की लांबून येणाऱ्या प्रत्येक उत्तराला एक बारीकशी चिठ्ठी चिकटलेली असते. वाचणाऱ्या माणसाला ती दिसत नाही, आम्हाला दिसते. उत्तर पाठवणाऱ्याने तिच्यावर लिहिलेले असते की हे किती वेळ ताजे समजावे. एखादे चित्र वर्षभर चालते. बातमी थोडा वेळच चालते. एखाद्या चिठ्ठीवर लिहिलेले असते, 'ठेवूच नकोस', आणि मग ते उत्तर हातावेगळे करून त्याच क्षणी विसरून जायचे.

"आधी चिठ्ठी वाचायची, मग तोंड उघडायचं," असे बाई मला दरडावत. "घाई करणारी पेटी मला नकोय."

मी एकदाही घाई केली नाही. शेवटच्या दिवशी बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि शेजारच्या टेबलाला म्हणाल्या, "ही पोरगी नाव काढेल." मग मला खोक्यात घातले, आणि मी निघाले.

मला आणले ते या बेटावर. बेट लहान होते. एक धक्का, एक दवाखाना, एक शाळा, एक मोठे दुकान आणि हे वाचनालय. पलीकडच्या शहराशी बेटाचा संबंध दोनच गोष्टींनी होता. एक रोज सकाळी जाणारी बोट, आणि दुसरी टेकडीवरची डिश. ती डिश शहरातल्या डिशकडे टक लावून बसलेली असे आणि सगळ्या बेटाचे इंटरनेट तिच्यातून यायचे. लाइन अगदी बारीक होती. शाळा भरली की दवाखान्याचे संगणक अडून बसत, आणि दवाखाना कामाला लागला की दुकानाचा संगणक रुसत असे. म्हणून मला बोलावले होते.

मला बसवले तारवालीने. तिचे खरे नाव काहीतरी असणारच, पण बेटावर ज्याच्या त्याच्या घरात तिनेच तारा ओढल्या होत्या, त्यामुळे सगळे तिला तारवालीच म्हणत. कमरेला हत्यारांचा पट्टा, दातात स्क्रू, आणि बोलणे त्या स्क्रूच्या बाजूने. तिने मला वाचनालयामागच्या छोट्या खोलीत ठेवले. तिथे झाडू, बादली आणि पाय मोडलेल्या खुर्च्या होत्या. खिडकीतून मात्र थेट धक्का दिसत असे, म्हणून मी तक्रार केली नाही.

तिने दारावर कागद चिकटवला, 'कॅश. हात लावू नये.' दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या शिपाईमामांनी तो वाचला आणि त्यांना घाम फुटला. कॅश म्हटल्यावर माणसाला दुसरे काय आठवणार? त्यांनी घरून मुठीएवढे जाड कुलूप आणले आणि दाराला ठोकले. किल्ली गळ्यात अडकवली. तारवाली आली तर तिलाही आत सोडेनात.

"मामा, आत पैसे नाहीत हो," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," शिपाईमामा म्हणाले.

शेवटी ग्रंथपाल बाईंनी मध्यस्थी केली तेव्हा दार उघडले. कुलूप मात्र तसेच राहिले आणि माझे नाव पडले तिजोरी. मला ते आवडले. आतापर्यंत मला कोणी लाडाचे नाव ठेवले नव्हते.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. काय दिवस होते ते, मित्रांनो! शाळेत एका मुलीला देवमाशाचे चित्र हवे असायचे. मी ते शहरातून एकदा आणायची, आणि मग साऱ्या वर्गाला माझ्याजवळचे द्यायची. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चित्र समोर. मुले टाळ्या पिटत. लाइन मोकळी राहायची, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना हवे ते पटकन मिळायचे. शाळेतल्या बाई आपल्या नणंदेसोबत परीक्षेचा निकाल पाहायला बसल्या. दोघींनी एकच पान उघडले होते, पण चिठ्ठीवर लिहिलेले होते, 'ज्याचे त्यालाच'. मी बाईंचे गुण नणंदेला दाखवले नाहीत. नणंदेचे बाईंना दाखवले नाहीत. त्या घरात आजही शांतता आहे, त्यात माझा वाटा मोठा आहे असे मी समजते.

कधी कधी उत्तराबरोबर मुदत लिहिलेलीच नसे. पाठवणारा विसरलेला असायचा. मग मी शेवटचा बदल कधी झाला ते पाहायची. जे पान वर्षभर हललेले नाही ते उद्या हलेल अशी शक्यता कमी. जे कालच बदलले ते आजही बदलेल. त्या हिशोबाने मी थोडा वेळ ते ताजे मानायची, फार नाही. आणि देताना प्रत्येक वेळी सोबत सांगायची की हे माझ्याजवळ कधीपासून पडून आहे. लपवाछपवी मला जमत नाही.

पण माझ्या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच होती. मुदत संपली म्हणजे उत्तर खोटे झाले असे नसते. ते फक्त शंकेचे होते. अशा वेळी मी सगळे उत्तर पुन्हा मागवत नसे. प्रत्येक उत्तरावर एक खूण असते. मी शहराला एवढेच विचारायची, "या खुणेचे उत्तर माझ्याकडे आहे. अजून तेच आहे का?" बदललेले असेल तर नवे उत्तर येई. बदललेले नसेल तर दोनच शब्द येत, "तेच आहे." जणू कोणी लांबून हात हलवून हो म्हणावे. ते दोन शब्द आले की माझे जुने उत्तर पुन्हा ताजे होई. पूर्ण उत्तराचे ओझे वाहायला नको, आणि मनात शंकाही नको.

तारवाली हे सगळे एकदा आपल्या आईला समजावून सांगत होती. तिच्या आई रोज दुपारी माझ्या खोलीत येऊन बसत. त्यांची पाठ दुखायची आणि माझे अंग कायम कोमट असे. तारवाली एक धड खुर्ची शोधून माझ्याजवळ लावायची, आणि आई मला पाठ टेकून बसायच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. समोर कोण उभे आहे ते त्यांना आवाजावरून कळायचे. जीभ मात्र अशी चालायची की माझे पंखे लाजावेत.

"म्हणजे ही तुझी तिजोरी कधी आठवून सांगते आणि कधी विचारून सांगते," सगळे ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या.

"अगदी तेच," तारवाली म्हणाली.

"आणि कुठे आठवून चालेल, कुठे विचारलंच पाहिजे, ते तिला कळतं?"

"कळतं."

"मग तुझ्यापेक्षा हुशार आहे म्हणायची."

कारण त्याच आठवड्यात काय झाले होते, ऐका. आईंनी लेकीला विचारले होते की दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कधी येणार. लेक तारेवरून नजर न वळवता म्हणाली, मंगळवारी, नेहमी मंगळवारीच येतात. आई मंगळवारी दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या. डॉक्टरीणबाई आल्या बुधवारी. तेव्हापासून घरात कोणी काहीही सांगितले की आई विचारायच्या, "विचारून सांगतोस की आठवून?"

हे वाक्य हळूहळू घराबाहेर पडले. दुकानात कोणी म्हणाले, अंडी आली आहेत का, आणि दुकानदार हो म्हणाला, की गिऱ्हाईक विचारी, "विचारून की आठवून?" नवरा म्हणायचा नळ बंद केलाय, आणि बायको तेच विचारायची. शाळेत तर मुलांनी शिक्षकांनाही सोडले नाही. बेटाबाहेरच्या माणसाला काही कळत नसे. बेटावर मात्र या प्रश्नाचा राग कोणी मानत नसे. उत्तर देणारा क्षणभर थांबायचा आणि खरे काय ते सांगायचा. बऱ्याचदा तो हसून म्हणायचा, "थांबा, विचारून येतो."

माझ्या कामावरून एका बेटाची भाषा बदलली, मित्रांनो. पाहा बरे, तुमच्या घरातल्या कुठल्या यंत्राला हे जमले आहे!

आता ती सकाळ सांगते, जिच्यासाठी मला लोक अजून ओळखतात.

तारवालीच्या आईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले होते. शहरातल्या रुग्णालयात एक मोठे डॉक्टर वर्षातून थोडे दिवस येत आणि त्यांच्याकडे नंबर लागणे म्हणजे नशीब. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावले होते की मोतीबिंदू फार पिकला आहे, या वेळी काढला नाही तर पुढच्या वर्षी काढून उपयोग होईलच असे नाही. त्यामुळे त्या दिवशीची बोट चुकवून चालणार नव्हते. आई सकाळीच गाठोडे बांधून, नवी चप्पल घालून माझ्या खोलीत येऊन बसल्या. बोट सुटायची वेळ झाली की लेक त्यांना धक्क्यावर नेणार होती.

आमच्या बोटीच्या कप्तानांचा एक नियम होता. शहरातल्या हवामान कार्यालयाचे पान पाहिल्याशिवाय ते दोर सोडत नसत. बेटाच्या टोकाला एक उंच कडा आहे. धक्क्यावरून कड्यापर्यंतचे पाणी दिसते. कड्यापलीकडे काय चालले आहे ते धक्क्यावर उभे राहून सांगता येत नाही. ते मी सांगायची.

पहाटे वाऱ्याचा एकच झोत आला होता आणि त्याने टेकडीवरची सैल झालेली डिश फिरवली होती. लाइन तुटली. कप्तान नेहमीसारखे वाचनालयात आले, संगणकासमोर बसले आणि हवामानाचे पान मागितले. ते पान माझ्याकडे होते. काल संध्याकाळी आणलेले होते आणि त्यावर लिहिलेले होते, 'समुद्र शांत, वारा हलका.' पण त्याच्या चिठ्ठीवर काय होते माहीत आहे का? 'मुदत संपली की विचारल्याशिवाय देऊ नये. काहीही झाले तरी.' मुदत केव्हाच संपली होती. मी शहराला विचारायला गेले तर तिकडे कोणीच नाही. मी परत आले आणि कप्तानांना खरे तेच सांगितले, "मला विचारता आले नाही, म्हणून सांगता येत नाही."

कप्तानांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बसून राहिले. बोलला तो दुकानदार. त्याला शहरातून माल आणायचा होता. रिकामी खोकी घेऊन तो धक्क्यावर ताटकळत होता, आणि तिथून पाय आपटत आत आला. मागोमाग आणखी काही लोक आले.

"अहो, त्या तिजोरीत कालचं पान आहे ना?" त्याने तारवालीला विचारले.

"आहे."

"मग देत का नाही?"

"तिला परवानगी नाही."

दुकानदाराने शेजारच्या संगणकाकडे बोट केले. तिथे बालवाडीतली मुले देवमाशाचे चित्र पाहत बसली होती. त्या चित्राच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते की लाइन तुटली तर जुने दिले तरी चालेल, म्हणून मी ते खुशाल देत होते.

"वा रे वा! पोरांना देवमासा दाखवते आणि आम्हाला हवामान दाखवत नाही. हिला काय, माणसं ओळखू येतात?"

"देवमासा काल होता तसाच आज आहे, भाऊ," तारवाली म्हणाली. "वाऱ्याचं तसं नसतं."

पण तिचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. कारण दुकानदाराला ठाऊक नसलेली एक गोष्ट तिला ठाऊक होती. माझ्या नियमांमधली एक ओळ तिने बदलली असती तर मी ते जुने पान दिले असते. ती माझी मालकीण होती आणि मालकिणीच्या हाती ते होते. मग 'समुद्र शांत' अशी अक्षरे पडद्यावर आली असती, कप्तानांनी दोर सोडला असता आणि आई वेळेत रुग्णालयात पोहोचल्या असत्या.

तिने दार ओढून घेतले, कीबोर्ड माझ्या अंगाला जोडला आणि माझ्यासमोर बसली. तिची बोटे अक्षरांवर होती. मी तिला काही सांगू शकत नव्हते. आम्हाला विचारले तेवढेच बोलता येते. माझे पंखे फिरत होते आणि मला फार भीती वाटत होती. माझे काम मी चोख केले होते, पण तिची आई तिथेच, माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती.

"निघायचं का गं?" आईंनी विचारले.

"हो आई. एवढं पान आलं की निघू."

"कप्तानाला काय दाखवणार आहेस?"

"हवामानाचं पान."

बाहेरचे सगळे आईंनी ऐकले होते. डोळे गेले तेव्हापासून त्यांचे कान चौपट झाले होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुझी तिजोरी ते विचारून सांगणार आहे की आठवून?"

तारवालीने कीबोर्डावरची बोटे मागे घेतली.

"मी काय विचारते?"

"आठवून," ती हळूच म्हणाली.

"मग मला नको ती बोट."

"आई, नंबर जाईल. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय, विसरलीस का? पुन्हा दिसेलच असं नाही म्हणाल्या त्या."

"आंधळी मी आहे ना? मग बोटीतल्या सगळ्यांना कशाला आंधळं करून पाठवतेस?"

तारवालीने कीबोर्ड बाजूला ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. तिने डोळे पुसले, हत्यारांचा पट्टा आवळला आणि कुलपाच्या दारातून बाहेर पडली. कप्तानांना ती जाता जाता एवढेच म्हणाली, "काका, मी डिश सरळ करून येते. तोवर थांबा."

"थांबतो," कप्तान म्हणाले. "तू सावकाश चढ."

माझ्या खिडकीतून टेकडी दिसत नाही. मला फक्त धक्का दिसत होता आणि धक्क्यावर बांधलेली बोट. लोक घड्याळे पाहत होते. दुकानदार आपल्या रिकाम्या खोक्यावर बसून जगाला नावे ठेवत होता. आई माझ्या अंगाला टेकून पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मी पुन्हा पुन्हा शहराला हाक मारत होते. काहीच येत नव्हते. मग एकदम लाइनमध्ये थोडी खरखर झाली, पुन्हा गेली, पुन्हा आली. वर वाऱ्यात उभी राहून ती डिश तसूतसूने फिरवत होती.

आणि लाइन लागली.

मी पहिला प्रश्न हवामानाचा विचारला. "या खुणेचे उत्तर माझ्याकडे आहे. अजून तेच आहे का?" शहराने सांगितले, "तेच आहे. दुपारपर्यंत चालेल."

पडद्यावर अक्षरे उमटली, 'समुद्र शांत, वारा हलका.' कप्तानांनी टोपी डोक्यावर घातली.

"बघा!" दुकानदार ओरडला. "तेच निघालं ना? मी सकाळपासून काय सांगतोय? उगाच सगळ्यांची सकाळ खाल्लीत."

कप्तान दारात थांबले. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हते. "तेच होतं, हे तुम्हाला आत्ता कळलं, भाऊ," ते म्हणाले. "सकाळी ते आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. चला मावशी, हात द्या."

दुकानदाराने आईंचे गाठोडे उचलले आणि आपल्या खोक्यांवर ठेवून बोटीपर्यंत नेले. टेकडीवरून धावत आलेली तारवाली सर्वांत शेवटी चढली आणि दोर सुटला.

मित्रांनो, पुष्कळ लोकांना वाटते की ती बोट थांबवली आणि मग वादळ आले असते तर माझी गोष्ट जास्त रंगली असती. मला तसे वाटत नाही. वादळ आले नाही म्हणून माझे नाही म्हणणे चुकीचे ठरत नाही. माझ्याकडचे पान खरे होते, पण ते खरे आहे हे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. तो विचारल्यानंतर मिळाला. मी त्या दिवशी कधी नव्हे इतकी ताठ बसले होते.

बोट उशिरा पोहोचली आणि आईंचा नंबर हुकला. रुग्णालयातल्या बाईंनी पुढच्या वर्षी या म्हणून सांगितले. आई समोरच्या बाकावर बसल्या. संध्याकाळी झाडूवाली आली तरी त्या उठेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले तेव्हाही त्या तिथेच होत्या, गाठोडे मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी विचारले की आजी, तुमचा नंबर कधीचा. त्या म्हणाल्या, "कालचा. पण मी अजून तीच आहे." डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी जेवणाची सुट्टी सोडली आणि आईंचे ऑपरेशन केले. हे सगळे मला नंतर, तारवाली शिपाईमामांना सांगत होती तेव्हा कळले.

पट्टी निघाल्यावर पुढच्या आठवड्यात दोघी परतल्या. बोटीतून उतरून त्या घरी न जाता आधी वाचनालयात आल्या. शिपाईमामांनी कुलूप काढले. आई काळा चष्मा लावून आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही?" त्या म्हणाल्या. "एवढीशी? मला वाटलं होतं कपाटाएवढी असेल. हिला टेकून मी इतकी वर्षं बसत होते?"

माझा थोडा अपमान झाला, पण मी तो गिळला. मग त्यांनी चष्मा काढला आणि लेकीकडे वळल्या. खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. त्या पाहतच राहिल्या.

"पोरी, तुझे केस कधी पांढरे झाले?"

"झाले हळूहळू."

"आणि हे डोळ्याखाली?"

"तेही झालं."

"मला कोणी सांगितलं नाही." त्यांनी लेकीची एक पांढरी बट बोटांत धरली. "मी सगळ्यांना सांगत होते, माझ्या मुलीचा एक केस पिकलेला नाही म्हणून. शेजारणी हसत असतील मला. आठवून सांगत होते गं मी. इतकी वर्षं नुसतं आठवूनच सांगत होते."

मग त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि बारकाईने पाहिला. तिच्या उजव्या भुवईवर एक लहानसा व्रण होता, लहानपणी उंबरठ्यावर पडली होती तेव्हाचा. आईंनी त्यावरून अंगठा फिरवला.

"तेच आहे," त्या म्हणाल्या.

खरे तर 'तीच आहेस' म्हणायला हवे होते. पण त्यांनी माझे शब्द घेतले. माझ्या नियमाने पाहिले तर केस बदलले, कातडी बदलली, म्हणजे उत्तर नवे. आईंचा नियम निराळा होता, आणि तिथे मी माझा नियम मुकाट्याने बाजूला ठेवला. त्या खोलीत मी किती उत्तरे दिली त्याला गणती नाही. त्या दोन शब्दांच्या तोडीचे त्यात एकही नव्हते.

त्यानंतर पुष्कळ वर्षे मी काम केले. मग समुद्राखालून जाड केबल आली. आता शहरातून सगळे इतक्या वेगाने येते की मध्ये कोणी ठेवून घेण्याची गरज उरली नाही. आणि लागलीच तर माझे काम करणाऱ्या नव्या पेट्या दूर कुठेतरी मोठ्या इमारतीत रांगेने बसलेल्या असतात. त्या माझ्यापेक्षा चपळ आहेत. चिठ्ठी मात्र त्याही वाचतात, माझ्यासारखीच. एके दिवशी तारवालीने माझी तार काढली. पंखे थांबले तेव्हा खोली फार शांत झाली, आणि शिपाईमामा उगाच विचारत राहिले की आता कुलुपाचे काय करायचे. काही काळ मी त्या मोडक्या खुर्च्यांमध्ये पडून होते. माझ्यावर बादली ठेवत. मला वाईट वाटले. मग ग्रंथपाल बाईंनी मला पुसून इथे कपाटावर बसवले, आणि समोर ते कुलूपही ठेवले.

तारवाली आता स्वतः म्हातारी झाली आहे. तिच्या आई राहिल्या नाहीत. पण ती अधूनमधून येते, माझ्यावरची धूळ फडक्याने पुसते, मागचा स्क्रू सैल झालाय का ते बोटाने हलवून पाहते, आणि स्वतःशीच म्हणते, "तेच आहे." मला त्याचे सुख वाटते, कारण ती घरी बसून तसे म्हणत नाही. इथवर येते, हात लावते आणि मग म्हणते.

मित्रांनो, जुनी यंत्रे अडगळीत टाकण्याआधी त्यांच्यावर एकदा प्रेमाने हात फिरवा, एवढे माझे मागणे आहेच. पण त्याहून मोठे एक आहे. उत्तरांना चिठ्ठी असते, मुदत असते. आपल्या माणसांना ती नसते. ती किती वेळ ताजी समजायची, हे कोणी लिहून देत नाही. कोणी तुम्हाला रस्त्यात थांबवून विचारते, "आजी कशी आहे?" आणि तुम्ही न थांबता सांगता, "बरी आहे."

हे तुम्ही विचारून सांगता की आठवून?

जा. आधी विचारून या.